मयताचं नाव शंकर

सोमा रोकडे ट्रकखाली गेला त्या सकाळी त्याच्या बायकोने हवालदाराला त्याचं नाव चुकीचं सांगितलं. पुढे वकिलाने विचारून पाहिलं, की बाई, तेव्हा तुमचं भान हरपलं असेल, नाही का. पण शालनचं भान चांगलं शाबूत होतं. तिथेच तर सगळा घोळ झाला.

साल नव्वद, जानेवारीचा महिना. सोमा पहिल्या पाळीला सायकलवरून निघाला होता. बदलापूर रस्त्यावर कारखान्याच्या वळणाला, उल्हासनगरकडून माल भरून आलेला एक ट्रक पुढच्या टेम्पोला मागे टाकायच्या नादात उलट्या बाजूला घुसला आणि त्याने सोमाला सायकलीसकट गटारात फेकलं. ड्रायव्हर पळाला, पण ट्रक गटाराच्या कडेला रुतून बसला. त्यामुळे नंबर, मालक, विम्याचा कागद, सगळं पोलिसांच्या हाती लागलं. लोक म्हणाले, निदान एवढं तरी नशीब. असल्या वेळी लोकांना नशीब कुठे कुठे दिसतं कोण जाणे.

सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात हवालदार कागद घेऊन बसला होता. सोमाच्या खिशातून निघालेल्या वस्तू बाकावर मांडल्या होत्या. कारखान्याचा पितळी बिल्ला, ईएसआयचं कार्ड, चुन्याची डबी. हवालदाराने मान वर न करता विचारलं, "मयताचं नाव?"

शालनने पाहिलं. खाकी कपडे, हातात पेन, कागदावर रिकामी जागा. अशा माणसाने नाव विचारलं तर काय सांगायचं, हे तिला अकरा वर्षांपूर्वीच पढवलेलं होतं. ती म्हणाली, "शंकर धोंडिबा रोकडे."

"तुम्ही कोण त्याच्या?"

"भावजय," ती म्हणाली. "बायको गावाला असते."

हवालदाराने कार्डावरचं नाव ताडून पाहिलं, ते जुळलं, आणि त्याने लिहून घेतलं. चादरीखाली तिचा नवरा पडला होता, आणि त्याची नोकरी जाऊ नये म्हणून ही बाई खोटं बोलत होती. मेलेल्या माणसाची नोकरी वाचवली तिने. हे तिच्या लक्षात आलं ते संध्याकाळी, चिता पेटल्यावर. तेव्हा ती पहिल्यांदा मोठ्याने रडली, आणि आजूबाजूच्या बायकांना वाटलं, आत्ता कुठे बाईला उमगलं.

हा शंकर होता खरा. सोमाच्या थोरल्या चुलत्याचा मुलगा, सोमापेक्षा चार वर्षांनी मोठा. एकोणऐंशी साली तो अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात कायम झाला, आणि दोन महिन्यांत ॲसिडच्या वाफेने त्याची छाती धरली. दहा पावलं चालला की धाप लागायची. शेवटी तो बायको गयाबाईला घेऊन बदलापूरच्या पलीकडे, बारवी धरणाच्या अंगाला असलेल्या आपल्या गावी परत गेला. पण कायम नोकरी अशी हातची कोण सोडतं? त्या एका शिक्क्यासाठी माणसं दहा दहा वर्षं गेटावर ताटकळायची. तेव्हा शंकरचा बिल्ला छातीला लावून सोमा आत गेला. मुकादमाने पाहिलं, टाइमकीपरने पाहिलं, आणि दोघांनी त्या दिवाळीला सोमाकडची मिठाई खाऊन पाहिलं नाही असं ठरवलं. बिल्ल्याचा नंबर हजर असला की कारखान्याचं काम भागत होतं. बिल्ल्यामागे छाती कुणाची आहे, याची चौकशी करायला कुणाला वेळ होता?

तर कारखान्यात सोमाचा शंकर झाला. पगारपत्रकावर शंकर, फंडाच्या खात्यावर शंकर, युनियनच्या मोर्चात घोषणा द्यायलाही शंकरच. सोमा उरला तो घरी, बुवापाड्याच्या गल्लीत, रेशनकार्डावर आणि चौदा एप्रिलच्या वर्गणीच्या पावतीवर. शालनला त्याने पहिल्याच महिन्यात बजावलं होतं, की कपड्याला बिल्ला असलेल्या, बगलेत कागद असलेल्या कुणीही विचारलं, तर शंकर. तिला ते फारसं जड गेलं नाही. नवऱ्याचं नाव ती एरवीही तोंडावाटे काढत नसे. थोरली पद्मजा झाल्यापासून ती त्याला पद्मजाचे बाबाच म्हणायची. शंकर काय, ते परक्याचं नाव, खुशाल घ्यावं.

सातव्या दिवशी खोलीसमोर जलदान विधी झाला. बुवापाड्यातली माणसं आली, कारखान्यातलीही आली. बौद्धाचार्यांनी सगळ्यांकडून पंचशील म्हणवून घेतलं. खोटं बोलण्यापासून अलिप्त राहीन, असंही सगळ्यांनी हात जोडून म्हटलं, आणि मग फोटोखाली नाव काय लिहायचं यावर कुजबुज सुरू झाली. सोमा लिहावं तर कारखान्याची माणसं बसलेली, शंकर लिहावं तर शंकर स्वतः मांडवाच्या खांबाला टेकून धापा टाकत उभा. अखेर फोटोखाली काहीच लिहायचं नाही असं ठरलं. सोमाच्या फोटोला हार पडला तो बिननावाचाच.

नुकसानभरपाईचं पहिल्यांदा सुचवलं शेजारच्या रामभाऊंनी. ते ऑर्डनन्स फॅक्टरीत कामाला होते आणि त्यांना कायद्याची थोडी माहिती होती. ट्रकचा विमा असतो, कोर्टात अर्ज केला की विमा कंपनीला पैसे द्यावे लागतात, पण सहा महिन्यांच्या आत करावा लागतो, असं त्यांनी सांगितलं. शालन तेव्हा उल्हासनगरच्या कॅम्पातून जीन पँटींचे गठ्ठे आणून धागे कापायचं काम करत होती. दिवसभर कात्री चालवून बोटांना फोड यायचे आणि दोन पोरींची पोटंही धड भरत नव्हती. त्यात चाळीच्या मालकाने सांगून ठेवलं होतं, की खोली विकत घ्यायची असेल तर घ्या, नाहीतर खाली करा. खोली गेली की बुवापाडा सुटणार, आणि पद्मजाची शाळा तर त्याच्याही आधी सुटणार. गावी सोमाच्या नावावर जमिनीचा तुकडा नव्हता. म्हणजे ही भरपाई मिळाली तर शालन उभी राहणार होती. नाही मिळाली तर कुठे जायचं, हे तिला खरोखरच माहीत नव्हतं.

कमळाकर वकिलांचं ऑफिस शिवमंदिराच्या रस्त्याला, बेल-नारळ विकणाऱ्या दुकानाच्या माडीवर होतं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी शालनचं सगळं ऐकून घेतलं, शंकर आणि गयाबाईलाही बोलावून घेतलं, आणि मग पोलिसांचे कागद पुढ्यात ओढले.

शंकर त्या दिवशी जे बोलला त्यात काही काळंबेरं नव्हतं. तो म्हणाला, मी कोर्टात उभा राहतो, सांगतो की मी जिवंत आहे, बिल्ला माझा पण माणूस सोमा होता. माझ्यामुळे तो त्या रस्त्याला लागला, मला काय व्हायचं ते होऊ दे.

वकिलांनी त्याला समजावलं. पोलिसांच्या कागदात मयत शंकर. डॉक्टरांच्या कागदात शंकर. मृत्यूचा दाखला शंकरचा. पगार शंकरचा. आता सोमा मेला म्हणायचं, तर सोमा रोकडे नावाचा कुणी माणूस आपल्याकडे कामालाच नव्हता, असं कारखाना सांगणार, आणि ते खरंच आहे. मग कमाई शून्य, आणि भरपाई ठरते ती कमाईवर. शिवाय अकरा वर्षांची फसवणूक, म्हणजे शंकरवर खटला. आणि विमा कंपनी म्हणणार, ज्या बाईने दवाखान्यात सांगितलं की मी भावजय, ती आता बायको म्हणून कशी आली?

"थोडक्यात सांगतो," वकील शंकरकडे बघून म्हणाले. "तुम्ही जिवंत राहिलात तर हिला काही मिळत नाही."

खाली दुकानात कुणीतरी नारळ फोडत होतं. मग गयाबाई, जी तोवर दाराशी पदर तोंडात धरून बसली होती, ती म्हणाली, की मग मी होते रांडकी. कागदावर व्हायचं तर व्हायचं. पैसे येतील ते शालनच्या हातात ठेवीन. आणि बाईने ते शब्दशः पाळलं. कारखान्याने शंकरच्या फंडाचे जे काही पैसे दिले, ते तिने पदराच्या गाठीत बांधून आणले आणि गाठ शालनच्या समोरच सोडली. त्यातून चहाला दोन रुपये काढून घे म्हटलं तरी घेतले नाहीत.

अर्ज जूनमध्ये लागला, मुदत संपायला थोडेच दिवस उरले असताना. अर्जदार गयाबाई, मयताची पत्नी. मयत शंकर, कामासाठी बुवापाड्यात चुलतभाऊ सोमा याच्या खोलीत राहत असे, सुट्टीला गावी जात असे. हे वाचून दाखवलं तेव्हा शालन ऐकत होती. तिच्या संसाराची चौदा वर्षं एका ओळीत भाडेकरूची झाली होती. पण वकील म्हणाले चालेल ना, आणि ती चालेल म्हणाली.

खोटं एकदा बोलून भागत नाही, त्याचा संसार मांडावा लागतो. मेला शंकर, म्हणजे सोमा जिवंत. म्हणजे रेशनकार्डावर त्याचं नाव तसंच. म्हणजे शाळेत पद्मजाच्या वडिलांच्या नावामागे कैलासवासी लावायचं नाही. विमा कंपनीचा माणूस चौकशीला येतो म्हणून शालनने कपाळाला कुंकू लावायचं, हातात बांगड्या भरायच्या, आणि पेटीत गुंडाळून ठेवलेलं काळ्या मण्यांचं मंगळसूत्र पुन्हा गळ्यात घालायचं. त्या माणसाने दारात उभं राहून विचारलं, मालक कुठेत, तर तिने सांगितलं, गावाला गेलेत, शेतीचं बघायला. गल्लीतल्या माणसांना सगळं ठाऊक होतं, कुणी शब्द काढला नाही. उलट सगळे इतके सांभाळून बोलायचे, की शंकरची केस कुठवर आली, असंच विचारायचे. सोमाचं नाव हळूहळू गल्लीतूनही गेलं. शालनला कधी कधी रात्री वाटायचं, कुणीतरी दार वाजवून एकदा म्हणावं, की तुझा सोमा मेला गं, वाईट झालं. पण असं म्हणणारं कुणी उरलं नव्हतं.

ठाण्याच्या कोर्टाच्या तारखा पडत गेल्या. कधी जजसाहेब रजेवर, कधी विमा कंपनीचा वकील हजर नाही, कधी ट्रकच्या मालकाला समन्स पोहोचलं नाही. प्रत्येक तारखेला दोघी जावा जायच्या. कोर्टाच्या मागे, जुन्या जीपगाड्या गंजत पडल्या होत्या तिथे आडोशाला गयाबाई कुंकू पुसायची, बांगड्या काढून पिशवीत टाकायची, आणि मंगळसूत्र काढून शालनच्या हातात द्यायची. पहिल्या खेपेला तिने ते देता देता पुन्हा मुठीत धरलं.

"आपण असलं काय मानत नाय, मना कलतं," ती म्हणाली. "तरी गल्यातून काढताना कसंच होतं बघ. घरी त्यांना खोकल्याची उबल आली असंल आत्ता, असं वाटतं."

आणि शालनला स्वतःच्या गळ्यातले मणी टोचायचे. जिचा नवरा जिवंत ती बोडक्या कपाळाने आत जायची, जिचा मेला ती कुंकू लावून बाहेर बाकावर बसायची. संध्याकाळी परत निघताना पुन्हा उलटं. यावर दोघी एकदा चक्क हसल्या होत्या, हसता हसता गयाबाईला ठसका लागला होता. पण तीन वर्षांत हसण्याजोगं तेवढंच.

तिसऱ्या वर्षी शंकरची छाती पार बिघडली. गावात बायका बोलू लागल्या होत्या, की जितेपणी रांडवेपण घेऊन ही बाई कोर्टात फिरते, दुसरं काय होणार. गयाबाई आधी त्यांना धुडकावून लावायची. मग गप्प राहू लागली. मग तिने शालनला विचारायला सुरुवात केली, की अजून किती तारखा गं.

पुराव्याची तारीख लागली मार्चमध्ये, त्र्याण्णव साली. अर्जदाराने पिंजऱ्यात उभं राहून जबानी द्यायची, मग विमा कंपनीचा वकील उलटतपासणी घेणार. कमळाकर वकिलांनी दोनदा घोकून घेतलं होतं. आधीच्या दोन तारखांना गयाबाई शंकरच्या दुखण्यामुळे येऊ शकली नव्हती आणि साहेबांनी बजावलं होतं, की ही शेवटची संधी, यानंतर अर्ज निकाली.

आदल्या दिवशी शालन गावी गेली. शंकर ओटीवर उशांना टेकून बसला होता. त्याला आडवं होता येत नव्हतं. त्याने शालनला पाहून हात जोडले. गयाबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती, तिने शालनकडे पाहिलंच नाही.

शालनने पाय धरले. आक्का, उद्याचा एक दिवस, फक्त एक दिवस. तू आली नाहीस तर तीन वर्षं पाण्यात जातील, माझ्या पोरी उघड्यावर येतील. ती बोलत राहिली, आणि तिला स्वतःचीच लाज वाटत होती, कारण समोर माणूस श्वासाला महाग झाला होता.

"बाय, आजवर नाय म्हनली का मी तुला?" गयाबाई म्हणाली. "पन यांचा श्वास असा चालला असताना मी गल्यात हात घालू? तिथं जाऊन सांगू का माझा मानूस मेला? ते माझ्या तोंडून निगायचं नाय शालन. मारून टाक मना, पन निगायचं नाय."

शंकरने काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. जा, असं तो म्हणत असावा. पण खोकल्याने त्याला पुढे बोलू दिलं नाही, आणि गयाबाई तांब्या आणायला आत गेली ती बाहेर आलीच नाही. शालन थोडा वेळ तिथे बसली आणि उठली. तिला राग आला नव्हता, हीच पंचाईत होती. राग आला असता तर कुणावर तरी ढकलून मोकळी झाली असती.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच ठाण्याला गेली. कमळाकर वकील जिन्यात भेटले. त्यांनी तिच्या मागे पाहिलं, आणि कुणी नाही हे बघून कठड्याला टेकले. शालनने काल काय झालं ते सांगितलं. मग ती म्हणाली, "मीच जाते आत."

त्यांना कळायला क्षणभर लागला. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, की हे मी ऐकलेलं नाही. गयाबाई रोकडे म्हणून पुकारा होईल, तेव्हा जी बाई उठेल ती गयाबाई. मला दुसरं काही ठाऊक नाही, आणि पकडली गेलीस तर मी तुला ओळखत नाही. एवढं बोलून ते जिना चढून गेले, आणि अर्ध्यातून परत येऊन म्हणाले, "गयाबाईचा अंगठा आहे अर्जावर. सही करू नकोस."

शालनने जीपगाड्यांमागे जाऊन कुंकू पुसलं. बांगड्या काढल्या. स्वतःचं मंगळसूत्र काढून पिशवीच्या तळाशी ठेवलं. तीन वर्षांत प्रथमच ती चारचौघांत विधवा म्हणून जाणार होती, आणि तेही दुसरीच्या नवऱ्याची. पण मनातून तिला थोडं बरंच वाटलं. निदान आत जाऊन रडता तरी येईल. बाईने नवऱ्यासाठी रडलं तर कोर्टात कोण अडवणार?

पुकारा झाला. ती पिंजऱ्यात उभी राहिली. आजवरच्या तारखांना गयाबाई पदर ओढून मागे बसायची, त्यामुळे तिचा चेहरा आत कुणाच्या लक्षात नव्हता. कारकुनाने देवाशपथ म्हणा सांगितलं. ती म्हणाली देवाची नको, प्रतिज्ञेवर सांगते. कारकुनाने तसं म्हणवून घेतलं. कमळाकर वकिलांचे प्रश्न सोपे होते. नवरा कसा होता, पगारातलं किती घरी द्यायचा, त्याच्या माघारी घर कसं चालतं. नवरा कसा होता हे सांगताना तिला काही बनवावं लागलं नाही. दारूचं व्यसन नव्हतं, घरातल्यांवर जीव होता, सुट्टीच्या दिवशी स्वतः मटण करायचे. ती सोमाबद्दल बोलत होती, आणि टाइपिस्ट शंकरबद्दल लिहीत होता. तिचे डोळे भरून आले आणि साहेबांनी तिला बसायला स्टूल द्यायला सांगितलं.

मग विमा कंपनीचा वकील उठला. पिकल्या केसांचा, हळू बोलणारा. त्याच्याकडे त्या चौकशी करणाऱ्या माणसाचा अहवाल असणार. त्याने घाई केली नाही. नवरा आठवडाभर कुठे राहायचा? बुवापाड्यात. कुणाच्या खोलीत? चुलत दिराच्या.

"दिराचं नाव सांगा."

शालन थांबली. लग्नाला सतरा वर्षं झाली होती आणि उखाण्यात घेतलं त्यानंतर हे नाव तिने उच्चारलं नव्हतं. दिराचं नाव घ्यायला मात्र कुणाची हरकत नसते.

"सोमा," ती म्हणाली.

हा सोमा पूर्वी त्या खोलीत बायकोमुलींसह राहायचा ना? हो. गेली तीन वर्षं तो तिथे कुणाला दिसलेला नाही, हे खरं ना? गावाला असतात. गावात आमचा माणूस गेला होता, तिथे एक आजारी माणूस आहे, शेजारी त्याला वेगळ्याच नावाने हाक मारतात. यावर शालन काही बोलली नाही, कारण तो प्रश्न नव्हता. वकिलाने चष्मा वर सरकवला.

निकाल पावसाळ्यानंतर लागला आणि तो गयाबाईच्या बाजूने लागला. पैसे शालनच्या हातात ठेवून तिने शब्द राखला. बुवापाड्याची खोली राहिली, पद्मजा त्याच शाळेतून दहावीला बसली, धाकटीही शिकली. ते सगळं पुढच्या दोन मिनिटांवर उभं राहिलं.

"बाई, मी तुम्हाला सांगतो," तो वकील म्हणाला, "की त्या सकाळी ट्रकखाली सापडून मेला, तो सोमा रोकडे. सोमा मेला आहे. खरं की खोटं?"

शालनने त्याच्याकडे पाहिलं. तीन वर्षं आणि दोन महिने झाले होते, आणि सोमा मेला असं स्पष्ट शब्दांत तिला सांगणारा हा पहिला माणूस होता. गल्लीने सांगितलं नाही, कागदाने सांगितलं नाही, फोटोनेही सांगितलं नाही. या परक्या, पैसे घेऊन तिच्या विरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसाने सांगितलं. तिला वाटलं खाली उतरावं, त्याच्या काळ्या डगल्याला धरावं आणि म्हणावं, हो दादा, मेला. माझा नवरा होता. तुम्ही एकटेच खरं बोललात. तिचे ओठ त्यासाठी उघडलेही. कमळाकर वकील खाली मान घालून एकच कागद पुन्हा पुन्हा उलटत होते.

"खोटं आहे," ती म्हणाली.

"म्हणजे सोमा जिवंत आहे?"

"जिवंत आहेत."

तिने आहेत म्हटलं, दिराला कुणी म्हणेल तसं. वकील पुढचा प्रश्न विचारायच्या आत ती पुढे बोलायला लागली. कुणी विचारलेलं नव्हतं. ती म्हणाली, गावाला असतात, भात लावतात, सायकल आता चालवत नाहीत. तब्येत चांगली आहे. पोरींची आठवण काढतात. चार दिवसांमागेच बोलणं झालं.

"विचारलं तेवढंच सांगा," साहेब म्हणाले, पण मायेने. मग त्यांनी टाइपिस्टला मजकूर सांगितला आणि मशीनचा आवाज सुरू झाला. अपघातात सोमा मयत झाला हे म्हणणे खरे नाही. सोमा हयात आहे. कारकुनाने कागद ओढून काढला, तिला मोठ्याने वाचून दाखवला, बरोबर आहे का विचारलं. शालनने मान डोलावली आणि अंगठा पुढे केला.